गाठोड्यात आहे तरी काय? : एपीके फाइलची ओळख

आजचा विषय पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे, नव्या कामगार संहितांवर बोलावे. मोबाइलच्या फायलींची उठाठेव त्याने कशाला करावी? ह्याचे उत्तर असे की, गेल्या काही वर्षांत आमच्या कचेरीत येणारी गाऱ्हाणीच बदलली आहेत. पूर्वी माणूस चार्जशीट घेऊन येई, कापलेल्या पगाराचा कागद घेऊन येई. आता तो फोन पुढे करतो. "भाऊ, मुकादमानं हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. टाकल्याशिवाय हजेरी लागणार नाही म्हणतो. टाकू का?" दुसरा येतो तो रडवेला होऊन : "गाडीच्या दंडाचं चलान म्हणून काहीतरी आलं, मी दाबलं, आणि खात्यातले पैसे गेले." दोघांच्याही फोनमध्ये जे आले त्याच्या नावाच्या शेवटी तीच अक्षरे होती : एपीके.

आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा आमची लवकर सुटली. पुढे जे काही मिळाले ते वाचनालयात, चळवळीत, आणि अलीकडे तरुण कार्यकर्त्यांच्या शेजारी संगणकापुढे बसून मिळाले. तेव्हा जे आम्हाला समजले ते ह्या सभागृहातील कोणालाही समजेल, असा भरवसा धरूनच हा विषय घेतला आहे.

नाव आणि कूळ

एपीके म्हणजे 'अँड्रॉइड पॅकेज'. अँड्रॉइड ही फोन चालवणारी व्यवस्था गूगल कंपनीच्या पुढाकाराने २००८ साली बाजारात आली, आणि आज आपल्या देशातील बहुसंख्य फोन तिच्यावरच चालतात. ह्या फोनमध्ये कोणतेही अ‍ॅप येते ते एका बांधलेल्या गाठोड्याच्या रूपाने. ते गाठोडे म्हणजे एपीके.

गाठोडे हा शब्द आम्ही केवळ उपमा म्हणून वापरीत नाही. एपीके ही खरोखरच 'झिप' जातीची फाइल आहे. अनेक फायली एकत्र बांधावयाच्या, दाबून त्यांची जागा कमी करावयाची, आणि त्यांची एक यादी सोबत ठेवावयाची, ही झिपची रीत. अमेरिकेतील फिल कॅट्झ ह्या गृहस्थाने ती १९८९ साली रूढ केली व तिची रचना सर्वांना खुली करून दिली. झिप फाइल एखाद्या साध्या अक्षर-वाचकात उघडली तर आरंभी बहुधा 'पीके' ही दोन इंग्रजी अक्षरे दिसतात. ती त्याच्या नावाची आद्याक्षरे होत. आज तुमच्या फोनमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपच्या गाठोड्यावर ह्या माणसाची सही आहे, असे म्हटले तरी चालेल. पुढे जावा नावाच्या संगणकीय भाषेने आपल्या 'जार' फायलींसाठी हीच रीत उचलली, आणि अँड्रॉइडने जारवरून एपीके घडवली. असे हे सरळ कूळ आहे.

ह्या वंशावळीचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. गाठोड्याची गाठ कशी मारली आहे हे जगजाहीर आहे. ती सोडण्यासाठी कोणाच्या परवान्याची, गुप्त किल्लीची किंवा महागड्या यंत्राची गरज नाही. कंपनी म्हणते, "आत काय आहे ते तुम्हाला कळावयाचे नाही." ते खरे नाही. पुष्कळसे कळते, मात्र पाहण्याची तसदी घ्यावी लागते.

उघडणे वेगळे, बसवणे वेगळे

येथे एक भेद प्रथमच नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण सारे नुकसान तो न कळल्याने होते. फोनवर आलेल्या एपीकेवर बोट ठेवले की आपल्याला वाटते, आपण ती 'उघडून पाहतो' आहोत. छायाचित्राच्या बाबतीत ते खरे असते. एपीकेच्या बाबतीत मात्र फोन ती उघडून दाखवीत नाही, तो ती फोनमध्ये बसवावयास निघतो. दारात आलेल्या अनोळखी माणसाची चौकशी करण्याऐवजी त्याला थेट माजघरात बिऱ्हाड थाटू द्यावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणून आमचा पहिला नियम : एपीके पाहावयाची ती फोनवर नव्हे, संगणकावर. विंडोज किंवा लिनक्सच्या साध्या संगणकावर ही फाइल आपण होऊन चालत नाही. ती तेथे निपचित पडून राहते. तिची एक प्रत घ्यावी, नावाच्या शेवटचे 'एपीके' काढून तेथे 'झिप' लिहावे, आणि नेहमीच्या झिप फाइलसारखी ती सोडावी. एवढ्यानेच गाठोडे सुटते. आतून अनोळखी काही निघाले तर त्याला चालवू नये, नुसते पाहावे.

गाठोड्यातील वस्तू

सुटलेल्या गाठोड्यात साधारणपणे सात प्रकारच्या वस्तू मिळतात. त्यांची नावे इंग्रजी आहेत, पण कामे आपल्या परिचयाची आहेत.

पहिली 'अँड्रॉइड मॅनिफेस्ट' नावाची फाइल. तिच्याविषयी पुढे सविस्तर बोलू. दुसरी 'क्लासेस डॉट डेक्स'. अ‍ॅपने काय काय करावयाचे ह्याच्या आज्ञा हिच्यात असतात; हाच त्या अ‍ॅपचा मेंदू. एका डेक्स फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक कृतींचा उल्लेख मावत नाही, म्हणून मोठ्या अ‍ॅपमध्ये क्लासेस-दोन, क्लासेस-तीन अशा आणखी फायली दिसतात. पूर्वी ह्या आज्ञा चालवणाऱ्या यंत्रणेचे नाव दाल्विक होते. आइसलंडमधील एका कोळ्यांच्या गावावरून ते ठेवलेले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून तिची जागा दुसऱ्या यंत्रणेने घेतली, पण फाइलचे डेक्स हे नाव टिकले.

तिसरी 'रिसोर्सेस डॉट एआरएससी' : पडद्यावर दिसणारे शब्द, रंग, मापे ह्यांचे कोष्टक. चौथा 'रेस' नावाचा कप्पा : त्यात चित्रे व पडद्यांची मांडणी. पाचवा 'अ‍ॅसेट्स' : अ‍ॅप बनवणाऱ्याने जसेच्या तसे ठेवलेले इतर सामान. सहावा 'लिब' : थेट यंत्राच्या भाषेत लिहिलेले भाग. फोनच्या आतील चिप निरनिराळ्या घराण्यांच्या असतात, म्हणून येथे प्रत्येक घराण्यासाठी वेगळा कप्पा दिसतो. एकाच कारखान्यात वेगवेगळ्या नटांसाठी वेगवेगळे पाने ठेवावे तसे. सातवा 'मेटा-इन्फ' : येथे सहीशिक्क्याचे कागद असतात.

हे सर्व नेहमी एकाच गाठोड्यात येते असेही नाही. गूगलच्या दुकानात २०२१ च्या ऑगस्टपासून नव्या अ‍ॅपसाठी 'अ‍ॅप बंडल' ही पद्धत सक्तीची झाली. तीत एक मुख्य गाठोडे आणि फोनच्या भाषेप्रमाणे, पडद्याप्रमाणे, चिपप्रमाणे लहान लहान पुरचुंड्या अशी वाटणी होते. दुकानातून आलेले अ‍ॅप तपासावयाचे असेल तर त्या सगळ्या पुरचुंड्या गोळा कराव्या लागतात.

मालाची यादी

आता मॅनिफेस्टकडे वळू. आम्हा चळवळीतल्या लोकांना ह्याच घराण्यातला 'मॅनिफेस्टो' हा शब्द जाहीरनामा म्हणून ठाऊक आहे. गोदीतल्या कामगाराला 'मॅनिफेस्ट' म्हणजे जहाजावर कोणता माल चढला आहे त्याची यादी. अँड्रॉइडचा मॅनिफेस्ट दोन्ही कामे करतो : आत काय आहे त्याची यादी देतो, आणि हे अ‍ॅप तुमच्या फोनमध्ये काय काय करू इच्छिते त्याचा जाहीरनामाही देतो.

मात्र झिप सोडून ही फाइल सरळ वाचू गेलो तर अक्षरांचा नुसता चिखल दिसतो. फोनला लवकर वाचता यावी म्हणून ती एका आटोपशीर सांकेतिक रूपात ठेवलेली असते. ते रूप उलगडणारी साधने फुकट मिळतात. 'एपीके-टूल' हे मॅनिफेस्ट आणि शब्दांचे कोष्टक वाचनीय करून देते; 'जॅडएक्स' हे डेक्समधील आज्ञा जावासारख्या मजकुरात उलटवून दाखवते; गूगलच्या स्वतःच्या 'अँड्रॉइड स्टुडिओ'मध्येही एपीके तपासण्याची सोय आहे. संगणक शिकणाऱ्या कोणत्याही मुलामुलीला ही साधने अर्ध्या दिवसात हाताळता येतात.

उलगडलेल्या मॅनिफेस्टमध्ये चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, अ‍ॅपचे खरे नाव. पडद्यावर बँकेचे नाव आणि चिन्ह कोणालाही लावता येते. आतील नाव भलतेच असेल तर तेथेच शंका घ्यावी. दुसरी, परवानग्यांची यादी. तिसरी, कोणत्या प्रसंगी अ‍ॅप आपण होऊन जागे होणार ह्याची नोंद : फोन चालू होताच, संदेश येताच, इत्यादी. चौथी, पडद्यावर चिन्ह दिसणार की नाही. चिन्ह न दाखवता मागे काम करीत राहणारे अ‍ॅपही बनवता येते.

परवानग्यांत दोन जाती आहेत. काही साध्या; त्या मागितल्या की मिळतात, तुम्हाला विचारलेही जात नाही. इंटरनेट वापरण्याची परवानगी ह्या जातीची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसऱ्या जोखमीच्या : संदेश वाचणे, संपर्कांची वही पाहणे, कॅमेरा, ध्वनिमुद्रण, तुम्ही कोठे आहात त्याचा पत्ता. २०१५ पूर्वी ह्या सर्व एका दमात, अ‍ॅप बसवतानाच, मान्य कराव्या लागत. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्या एकेक करून विचारल्या जाऊ लागल्या व नाकारताही येऊ लागल्या. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून, अ‍ॅप बंद असतानाही ठावठिकाणा घेण्याची परवानगी वेगळी मोजली जाऊ लागली.

ह्या यादीचा अर्थ लावताना उतावीळ होऊ नये. यादीत परवानगी आहे म्हणजे अ‍ॅप ती वापरतेच असे सिद्ध होत नाही. तिने किल्ली मागितली आहे एवढेच सिद्ध होते. उलट बाजू मात्र अधिक पक्की आहे. जी जोखमीची परवानगी यादीतच नाही, ती फोनची व्यवस्था त्या अ‍ॅपला देत नाही. म्हणजे मॅनिफेस्ट ही कृत्यांची साक्ष नव्हे, ती अधिकारांची मर्यादा होय. युनियनच्या भाषेत सांगावयाचे तर ही मालकाची करणी नव्हे, करारातील कलम आहे. आणि कलम वाचल्याशिवाय करणीचा जाब विचारता येत नाही.

सहीशिक्का कशाची हमी देतो?

प्रत्येक एपीकेवर तिच्या कर्त्याची संगणकीय सही असावी लागते. बिनसहीची फाइल फोन बसवून घेत नाही. ही सही म्हणजे लाखेची मोहोर समजा. गाठोड्यातील एखादी वस्तू कोणी मध्येच बदलली तर मोहोर फुटते आणि फोन ती फाइल नाकारतो. तसेच, आधी बसवलेल्या अ‍ॅपची नवी आवृत्ती आली व तिच्यावरील सही निराळी असली, तर ती जुन्याच्या जागी बसत नाही.

पण ह्या मोहोरेने एक गोष्ट होत नाही, आणि तेथेच लोक फसतात. सही करणारा सज्जन आहे असे ती सांगत नाही. सहीचा दाखला कर्त्याने स्वतःच तयार केलेला चालतो. कोणत्याही सरकारी कचेरीचा शेरा त्यावर लागत नाही. चोरही आपल्या गाठोड्यावर आपली मोहोर करतोच. 'मागे ज्याने दिले त्यानेच हे दिले, व वाटेत कोणी हात लावलेला नाही,' एवढेच सही सांगते.

आणि ही मोहोर तपासणारेही कधी चुकतात. २०१३ साली एक मोठा दोष उघडकीस आला. झिपच्या रचनेत एकाच नावाच्या दोन फायली ठेवता येतात. फोनमधील तपासनीस त्यांतली एक पाहून 'ठीक आहे' म्हणे, आणि बसवणारा दुसरीच उचली. हजेरीपटावर एकाच नावाचे दोघे असावेत, फाटकावर एकाचा पास बघावा आणि आत दुसरा जावा, तशातली गत. तो दोष दुरुस्त झाला. पुढे २०१६ च्या सातव्या आवृत्तीत सहीची नवी पद्धत आली. तीत एकेक वस्तू न तपासता सबंध फाइलवरच मोहोर केली जाते. हा नवा शिक्का मेटा-इन्फच्या कप्प्यात नसतो. फाइलच्या शेवटी जी वस्तूंची यादी असते तिच्या अगोदर तो बसवलेला असतो. म्हणून तो झिप सोडून दिसत नाही, वेगळ्या साधनाने पाहावा लागतो. गूगलचे 'एपीके-साइनर' ते काम करते.

आज्ञांचे वाचन

डेक्समधील आज्ञा वाचणे हे अधिक अवघड काम. पुष्कळ कंपन्या आतील नावे मुद्दाम पुसून तेथे अ, ब, क अशी निरर्थक अक्षरे घालतात. फाइल लहान होते हा एक हेतू आणि वाचणाऱ्याची दमछाक व्हावी हा दुसरा. तथापि फोनच्या व्यवस्थेला ज्या नावांनी हाक मारावयाची ती नावे बदलता येत नाहीत. म्हणून संदेश वाचण्याची हाक, ध्वनिमुद्रणाची हाक, आणि माहिती ज्या पत्त्यावर धाडली जाते तो पत्ता, ह्या गोष्टी पुष्कळदा सापडतात. सापडल्या नाहीत म्हणून त्या नाहीतच, असे मात्र म्हणू नये. काही अ‍ॅप आपल्या आज्ञा मागाहून इंटरनेटवरून मागवून घेतात.

हे सर्व कायद्याला धरून आहे काय, असे कोणी विचारील. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, कायदेशीरपणे मिळालेला संगणकीय कार्यक्रम कसा चालतो ह्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करण्यास मर्यादित मुभा आहे. अभ्यास करणे निराळे. दुसऱ्याचे अ‍ॅप फोडून, बदलून, आपल्या नावाने वाटणे निराळे. पहिल्याचा पुरस्कार आम्ही करतो, दुसऱ्याचा नाही.

हजेरीच्या अ‍ॅपची गोष्ट

आता हे ज्ञान कामास कसे येते ते सांगतो. आमच्या भागातील एका कारखान्यात ठेकेदाराने कंत्राटी कामगारांना हजेरीचे अ‍ॅप घालावयास सांगितले. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून आली. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने ती संगणकावर सोडली आणि परवानग्यांची यादी कागदावर उतरवली. कॅमेरा होता, चेहरा टिपून हजेरी लावावयाची तर तो हवाच. ठावठिकाणा होता, फाटकाच्या आत आहे की नाही हे पाहावयाचे तर तोही समजण्यासारखा. पण पुढे आणखी तीन ओळी होत्या : अ‍ॅप बंद असतानाही ठावठिकाणा, संपर्कांची वही, आणि ध्वनिमुद्रण.

आम्ही तो कागद वाटाघाटीच्या टेबलावर ठेवला. "तुम्ही कामगारांवर पाळत ठेवता," असा आरोप आम्ही केला नाही, कारण तसा पुरावा आमच्याजवळ नव्हता. आम्ही एवढेच विचारले : सुटी झाल्यावर कामगार कोठे जातो, त्याच्या वहीत कोणाचे क्रमांक आहेत, तो काय बोलतो, ह्याचा हजेरीशी संबंध काय? युनियनच्या बैठकीस कोण कोण आले हे कळावे, हा तर हेतू नाही ना? समोरच्या अधिकाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांनाही ते ठाऊक नव्हते. ठेकेदाराने अ‍ॅप बाहेरून तयार विकत आणले होते. महिन्याभरात नवी आवृत्ती आली. आम्ही तीही उघडली. सही तीच होती, आणि त्या तीन ओळी गेल्या होत्या.

नुसती गेटसभा घेऊन, घोषणा देऊन, हे घडले असते काय? आम्हाला शंका वाटते. घोषणेला उत्तर घोषणेने देता येते. ओळीला उत्तर द्यावयास ओळच लागते.

फाटकावरचा फलक

आमच्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट केवळ खाजगीपणाची नाही, भाकरीची आहे. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी २०२३ च्या १ जानेवारीपासून देशभर मोबाइल अ‍ॅपवर घेणे सक्तीचे झाले. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करून आंदोलन केले, तेव्हा पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप मराठीत नाही ही त्यांची एक मोठी तक्रार होती. अ‍ॅपमध्ये मराठी घातली आहे की नाही हेही गाठोडे सोडून पाहता येते : उलगडलेल्या शब्दांच्या कोष्टकात मराठीचा वेगळा कप्पा असतो. 'सोय करू' आणि 'सोय केली आहे' ह्यांतला फरक तेथे बहुधा दिसून येतो.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली होती. कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावावेत, असे बंधन त्याने मालकांवर घातले. ज्या नियमाने माणसाची भाकरी जाते तो नियम त्याला वाचता आला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. आज कोणाची हजेरी लागते, कोणाची नाकारली जाते, हे ठरवणारा नियम फलकावरून उठून गाठोड्यात जाऊन बसला आहे. तो फाटकावर कोणी लावीत नाही.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ठेवला आहे; त्यात मराठी आलीच. पण त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीवाचूनही माहिती वापरण्याची काही मुभा दिलेली आहे. शिवाय, ज्याच्या हाती रोजगार आहे त्याने मागितलेली संमती ती कसली संमती? 'नाकारा' हे बटण फोनवर असते. मुकादमापुढे ते दाबण्याची ताकद एकट्या कामगाराजवळ नसते. ती ताकद संघटनेने पुरवावयाची असते.

फसव्या गाठोड्यांविषयी

शेवटी, येथे बसलेल्या प्रत्येकाच्या कामाचे दोन शब्द. वाहनदंडाचे चलान, लग्नाची पत्रिका, बँकेची केवायसी, तुटणारी वीज, अशा निमित्तांनी जी एपीके पाठवली जाते तिची रीत ठरलेली असते. ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला कळतो. काही गाठोडी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाची सोय चालू करावयास सांगतात. ही सोय अंध व अपंग बांधवांसाठी केलेली आहे. ती हाती आली की अ‍ॅपला पडदा वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणेही दाबता येतात. आता विचार करा : लग्नपत्रिकेला तुमचे टपाल फोडावयाचे कारण काय? पत्रिका म्हणजे एक चित्र किंवा कागद. ती बसवावी लागत नाही.

२०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून, दुकानाबाहेरून आलेली एपीके बसवण्यापूर्वी फोन वेगळी परवानगी विचारतो. तो प्रश्न पडद्यावर आला की तेथेच थांबावे. पाठवणारा ओळखीचा आहे, हे कारण पुरेसे नाही. त्याच्या फोनमध्ये शिरलेले गाठोडेच त्याच्या नावाने तुम्हाला संदेश धाडीत असेल. फसवणूक झालीच, तर लाजून घरी बसू नये. फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा अधिक.

आमच्या आजोबांच्या पिढीत सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला जाई, कारण अक्षर वाचता येत नव्हते. त्यासाठी रात्रीच्या शाळा निघाल्या, वाचनालये निघाली, आणि कागद वाचून मगच सही करणारी पिढी तयार झाली. आज शिकलेली माणसे पुन्हा अंगठ्यानेच 'मान्य आहे' दाबीत आहेत, न वाचता. ह्यात त्यांचा दोष थोडा आहे. मजकूर त्यांच्यापुढे वाचण्याजोग्या रूपात ठेवलेलाच नसतो. पण तो उलगडता येतो, हे आता आपण पाहिले आहे.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक युनियनच्या कचेरीत आणि गावच्या प्रत्येक वाचनालयात एक संगणक ह्या कामासाठी राखून ठेवावा. आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे दोन शिकलेली मुले बसवावीत. ज्याला जे अ‍ॅप घालण्याची सक्ती होते आहे त्याने ते घेऊन यावे. गाठोडे सोडावे, परवानग्यांची यादी मराठीत उतरवावी, आणि ती सूचनाफलकावर लावावी. खर्च फारसा नाही. फलक तर आपल्याकडे आहेच.